तंतूचा तडा: आधी कागद, मग मेश

बॅटरीच्या कार्बन तंतूला लिथियमच्या ये-जा करण्याने तडा कसा जातो, हे मॉडेल करायला आलेला जो तो थेट फेज-फील्ड (तड्याला धारदार रेघेऐवजी पसरट पट्टा मानणारी पद्धत) उघडतो. मी उघडू देत नाही. आधी न तडकलेला तंतू सोडवा.

व्यास 5 मायक्रॉन, डिफ्यूजन गुणांक (लिथियम आत किती वेगाने पसरतं त्याचं माप) 10⁻¹⁵ चौरस मीटर प्रति सेकंद धरा. त्रिज्येचा वर्ग भागिले हा गुणांक म्हणजे 6250 सेकंद, पावणेदोन तास. तुमचं चार्जिंग याहून फारच सावकाश असेल तर लिथियम तंतूभर सारखं पसरतं आणि तड्याचा प्रश्न जवळपास मिटतो.

आता स्थिर फ्लक्सने (पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारं लिथियम) लिथियम बाहेर काढा. पृष्ठभाग आधी आक्रसतो, गाभा फुगलेलाच असतो. म्हणून बाहेरची कड ताणली जाते आणि तडा बाहेरून आत शिरतो. (आत भरताना उलटं, गाभा ताणला जातो.) प्रवाह स्थिरावल्यावर सरासरी आणि पृष्ठभाग यांच्या कॉन्सन्ट्रेशनमधला फरक = फ्लक्स × त्रिज्या ÷ (4 × डिफ्यूजन गुणांक). त्याला यंग मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा) आणि पार्शल मोलर व्हॉल्यूमने (एक मोल लिथियम शिरल्यावर वाढणारं आकारमान) गुणा, 3 × (1 − पॉयसन गुणोत्तर) ने भागा (हे गुणोत्तर म्हणजे ताणल्यावर पदार्थ आडवा किती आक्रसतो): पृष्ठभागावरचा हूप स्ट्रेस, म्हणजे परिघाच्या दिशेचा स्ट्रेस, मिळाला. कोडचं उत्तर याच्याशी जुळेपर्यंत पुढे सरकू नका. घोळ बहुधा त्या 3 मध्येच सापडतो. कुणीतरी आकारमानाचं प्रसरण रेषीय समजून घातलेलं असतं.

पुढे स्ट्रेसचा ग्रेडियंट (जागेनुसार होणारा बदल) फ्लक्समध्ये आणा, कारण तोही लिथियमला ढकलतो. इथे एक छुपा खड्डा आहे. साध्या त्रिकोणी, रेषीय एलिमेंटमध्ये (मेश म्हणजे गणितासाठी तंतूचे पाडलेले बारीक तुकडे, एलिमेंट म्हणजे त्यातला एक) विस्थापनातून काढलेला स्ट्रेस जवळपास सपाट असतो, त्यामुळे ग्रेडियंट नाहीसा होतो आणि कोड कुरकुरतही नाही. केमिकल पोटेन्शियललाच (ज्याच्या उतारावरून लिथियम वाहतं ती राशी) स्वतंत्र अज्ञात राशी करा, सुटाल.

आता फेज-फील्ड. तड्याची लेंग्थ स्केल (त्या पसरट पट्ट्याच्या रुंदीचं माप) त्रिज्येपेक्षा बरीच लहान, आणि तड्याच्या वाटेवर मेश तिच्या निम्म्याहून बारीक. ऊर्जेचे ताण आणि दाब असे भाग पाडा, नाहीतर दाबातला भागही तडकेल. तडा परत मिटू नये म्हणून हिस्टरी फील्ड (प्रत्येक जागी आजवरची सर्वात मोठी ताणाची ऊर्जा लक्षात ठेवणारी राशी) ठेवा.

तड्यात इलेक्ट्रोलाइट शिरतो की नाही, हेही आधीच ठरवा. शिरला तर तड्याच्या दोन्ही कडांवरही फ्लक्स लागतो. नाही तर तडा ओलांडणारं डिफ्यूजन बंद करावं लागतं. दोन्हींची चित्रं वेगळी येतात.

हेच मॉडेल सिलिकॉनला मात्र लावू नका. तो जवळपास 300 टक्के फुगतो. तिथे मोठी विकृती आणि प्लॅस्टिसिटी (परत न फिरणारी विकृती) धरावीच लागते, आणि भरतानासुद्धा पृष्ठभाग ताणात येतो.