इंग्रजी धडाधड वाचतो, पण कळत नाही? वाचन शिकवताना आणि तपासताना या चुका टाळा

सहावीतल्या एका मुलाने इंग्रजीचा परिच्छेद न अडखळता वाचला. आवाज खणखणीत, स्वल्पविरामाला थांबणंसुद्धा व्यवस्थित. मी विचारलं, "काय झालं रे या गोष्टीत?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. त्याच्या समजुतीप्रमाणे मी विचारलेल्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं. 'वाचन' म्हणजे तोंडातून आवाज काढणं, हे आम्हीच त्याला पाच वर्षं शिकवलं होतं.

पहिली चूक ही, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले ती भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलाकडे भाषा आधीच असते, त्याला फक्त अक्षरं हवी असतात. 'पाणी' हा शब्द ओळखला की पाणी डोळ्यांसमोर येतं. इंग्रजीत त्याच मुलाला दोन्ही गोष्टी एकदम कमवायच्या असतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दोन लिप्याही जवळपास एकाच वेळी शिकायच्या. एवढं ओझं असताना 'याचं इंग्रजी कच्चं आहे' असा एकच शेरा मारून कुणाचंही भलं होत नाही. कच्चं नेमकं काय आहे?

आधी बिघाड शोधा

मी एक साधी पद्धत वापरते. त्यासाठी मुलाला एकट्याला जवळ बसवून दहा मिनिटं द्यावी लागतात. पाच-सहा वाक्यांचा उतारा मूल मनात वाचतं आणि काय कळलं ते मराठीत सांगतं. सांगता आलं तर प्रश्नच मिटला. नाही आलं तर तोच उतारा मी त्याला सावकाश वाचून दाखवते. ऐकून कळलं, तर भाषा आहे, अडचण अक्षरं आणि आवाजांची आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अक्षरओळख घोटवून काही होणार नाही, त्याला शब्द आणि वाक्यं हवी आहेत. मग मी तोच मजकूर मराठीत सांगते. तरीही चेहरा कोराच राहिला, तर अडचण इंग्रजीची नाहीच, विषयच अनोळखी आहे.

या तिसऱ्या शक्यतेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मुलं बर्फाचा गोळा लोटत नेतात आणि तो मोठा होत जातो, असा एक उतारा होता. मी 'स्नो' म्हणजे बर्फ असं सांगून मोकळी झाले. आमच्या मुलांना बर्फ माहीत आहे तो लादीचा, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. लादी जमिनीवरून लोटली तर ती मोठी कशी होईल? मुलांनी उत्तर चुकवलं, पण त्यांचा विचार बरोबर होता. शब्दार्थ दिला की अर्थ पोचला, असं मी धरून चालले होते.

डोक्यावर देवनागरी लिहून देणं

पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहिलेली पुस्तकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लिहिणारी आई किंवा ताई जिवापाड मेहनत करते, पण मुलाचे डोळे सोपी वाट धरतात. ते देवनागरी वाचतं, खालच्या इंग्रजी अक्षरांकडे बघतही नाही. वर्षअखेरीस त्याचा सराव झालेला असतो तो देवनागरीचाच. अर्थ मराठीत लिहायला माझी काहीच हरकत नाही, हरकत आहे ती उच्चारांना. अगदीच गरज पडली तर उच्चार कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा, म्हणजे आधी पुढची बाजू पाहावी लागेल.

याच्या मुळाशी लिपीचा फरक आहे. आपल्या 'क'मध्ये 'अ' आधीच मिसळलेला आहे. शिवाय अक्षराचं नाव तेच त्याचा आवाज. इंग्रजीत तसं नाही. 'बी-ए-टी' असं कितीही घोकलं तरी त्यातून 'बॅट' निघत नाही. आवाज जोडायचे तर ब्, ॲ, ट् असे जोडावे लागतात. इथे मराठी मुलाला एक फायदा आहे, तो वापरा. पाय मोडलेलं अक्षर त्याला ठाऊक असतं. 'बी म्हणजे पाय मोडका ब्' असं सांगितलं की दुसरी-तिसरीतलं मूलही पटकन जोडायला लागतं. 'द', 'सेड', 'वॉज' असे आवाजाच्या नियमात न बसणारे शब्द मात्र अख्खे ओळखायला द्या. तिथे नियम शोधत बसलात तर मूल गोंधळेल.

बी आणि डी उलटसुलट होतात, ही तक्रार दर पालकसभेत येते. लहान वयात हे बहुतेक मुलांचं होतं. देवनागरीत एकच आकार फिरवून चार वेगळी अक्षरं होत नाहीत, इंग्रजीत बी, डी, पी, क्यू हे तसेच आहेत. घाबरू नका, पण एक तपासा: मराठी वाचनही त्याच्या वर्गमित्रांपेक्षा बरंच मागे आहे का? दोन्हीकडे अडत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. फक्त इंग्रजीत अडत असेल तर बहुतेक वेळा सराव कमी पडलेला असतो.

न वाचता सुटणारे प्रश्न

आता चाचणीकडे येते. हे वाक्य वाचा: 'काल गुंबरने तळसाच्या काठी तीन पिचोळ्या भिरवल्या.' पिचोळ्या कोणी भिरवल्या? कुठे? किती? तुम्हाला तिन्ही उत्तरं आली, पैकीच्या पैकी गुण. पिचोळी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, कारण हे शब्द मी आत्ताच रचले.

आपल्या किती चाचण्या अशा असतात! 'द डॉग रॅन आफ्टर द कॅट' या वाक्यावर 'हू रॅन आफ्टर द कॅट?' असा प्रश्न. मूल प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधतं आणि त्यांच्या शेजारचा शब्द उचलतं. चूक-बरोबर आणि जाळं पूर्ण करा या कृतीही निष्काळजीपणे काढल्या तर याच वाटेने सुटतात. त्याऐवजी 'कोण घाबरलं?' असं विचारा. हा शब्द उताऱ्यात नाही, त्यामुळे प्रसंग समजल्याशिवाय उत्तर येणार नाही. प्रत्येक उताऱ्यावर उचलून न लिहिता येणारे किमान दोन प्रश्न ठेवा.

उलट बाजूही तपासा. उतारा झाकून फक्त प्रश्न सोडवायला द्या. 'सूर्य कुठे उगवतो?' याचं उत्तर उताऱ्याशिवायही येतं, मग तो प्रश्न वाचन तपासत नाही, तो काढून टाका.

गाळलेल्या जागांची जुनी चाचणी मला आवडते. विल्सन टेलर यांनी ती 1953 मध्ये मांडली. त्यात ठरावीक अंतराने, साधारणपणे दर पाचवा शब्द, गाळतात. नवशिक्यांना पाचवा फार जड जातो, मी दहावा गाळते आणि पहिलं वाक्य अख्खं ठेवते. अर्थाला धरून दुसरा शब्द लिहिला तरी गुण देते.

उत्तर इंग्रजीतच हवं, हा हट्ट

मुलाला उतारा समजला आहे, पण इंग्रजीत वाक्य रचता येत नाही. आपण शून्य देतो आणि 'आकलन नाही' अशी नोंद करतो. तपासलं मात्र लेखन. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत इंग्रजी तपासतात तेव्हा शब्द किंवा वाक्य वाचणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ त्याच्या भाषेत विचारतात, आणि तेच योग्य आहे. लेखन वेगळं तपासा, त्याचे गुण वेगळे ठेवा. दहावीला इंग्रजीत लिहावं लागतंच, हे खरं. पण म्हणून पाचवीपासूनच्या प्रत्येक चाचणीत दोन्हींची सरमिसळ करायची गरज नाही.

उताराच जड

वाचायला दिलेल्या मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असले तरच तो मदतीशिवाय नीट समजतो, असं हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपले धडे बऱ्याच मुलांसाठी याच्या जवळपासही नसतात. शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दांखाली मुलालाच रेघ मारू द्या. चार-पाच रेघा असतील तर सोबत बसून वाचा. दहाच्या वर गेल्या तर तो उतारा सध्या बाजूला ठेवा आणि दोन इयत्ता खालचं पुस्तक द्या. त्यात कमीपणा नाही, मुलांनाही तसं स्पष्ट सांगा.

एकाने उभं राहून वाचायचं आणि बाकी चाळीस जणांनी आपली पाळी मोजायची, ही पद्धत बंद करा. जोड्या लावा, म्हणजे त्याच दहा मिनिटांत सगळे वाचतात. घड्याळ लावून वेग मोजत असाल तर शेवटी एक प्रश्न नक्की विचारा, नाहीतर मुलं फक्त पळायला शिकतात.

नोंद कशी ठेवायची

'दहापैकी चार' या आकड्यावरून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने आहेत: आवाज जोडता येतात का, ऐकून कळतं का, वाचून कळतं का. त्या सहावीतल्या मुलापुढे पहिल्या रकान्यात बरोबरची खूण होती, पुढचे दोन रिकामे. त्याला अक्षरं पुन्हा गिरवायला लावली नाहीत. रोज एक छोटी गोष्ट चित्रं दाखवत, हातवारे करत इंग्रजीत ऐकवली, मग तीच गोष्ट कागदावर दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा वाचता वाचता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, हा कुत्रा परत नाही येणार का?"