गावच्या वाचनालयाचा फोन कसा चालवावा

आमचं वाचनालय गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं, बसगाड्या मोजक्या. एखादी आजी नातवाला पुस्तक बदलून आणायला पाठवते, आणि नेमकं तेच पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असतं. त्या पोराची दुपार जाते, आजीची रात्र पुस्तकाविना जाते. वाचनालयाने मोबाइल हाती घ्यायचा तो ही फेरी वाचवण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असंच सांगतं. म्हणून कोणी नवं अ‍ॅप सुचवायला आलं की मी एकच विचारते: यानं कोणाची फेरी वाचेल?

खाली लिहिलंय ते एकट्या ग्रंथपालावर चालणाऱ्या, संगणक नसलेल्या किंवा बंद पडलेल्या वाचनालयांसाठी. मोठ्या ग्रंथालयांनी कोहा किंवा एनआयसीचं (सरकारी राष्ट्रीय सूचना केंद्राचं) ई-ग्रंथालय यांपैकी एखादी संगणकप्रणाली वापरावी. त्यांतली पुस्तकांची सूची वाचकाला फोनवरही पाहता येते.

सगळ्यांत आधी वाचनालयाच्या नावावर वेगळं सिमकार्ड घ्या. ग्रंथपालाचा स्वतःचा नंबर देऊ नका. ग्रंथपाल बदलतो, लग्न होऊन दुसऱ्या गावी जातो, निवृत्त होतो. नंबर मात्र वाचनालयापाशीच राहायला हवा. शिवाय रात्री दहा वाजता घरच्या फोनवर पुस्तकाची चौकशी येऊ लागली की चार महिन्यांत माणूस या कामाला कंटाळतो. रिचार्जचा खर्च कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्या. रिचार्ज थांबलं की नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग वाचकांचे निरोप कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडतील.

त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. ते फुकट आहे आणि साध्या स्मार्टफोनवरही चालतं. दुसऱ्या कोणी खातं उघडू नये म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवा आणि तो पाकिटात बंद करून सचिवांकडे द्या. मग पत्ता, उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार भरा. वाचनालय बंद असताना आपोआप जाणारा निरोपही लिहून ठेवा. आमचा असा आहे: ‘नमस्कार. निरोप मिळाला. वाचनालय संध्याकाळी ४ ते ७ उघडं असतं, तेव्हा उत्तर देते. पुस्तकाचं नाव किंवा विषय लिहून ठेवा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसलं की लोक नुसतं ‘हॅलो’ लिहून वाट बघत बसतात.

याच अ‍ॅपमध्ये चॅटला लेबलं लावता येतात. मला तीन पुरतात: ‘शोधायचं’, ‘राखून ठेवलं’, ‘मुदत वाढवली’. संध्याकाळी दार उघडलं की आधी ‘शोधायचं’ लेबल पाहायचं, कपाटाकडे जायचं, पुस्तक काढून चिठ्ठीसह टेबलाच्या खणात ठेवायचं आणि मगच ‘आहे, ठेवलंय’ असं कळवायचं. पुस्तक हातात येण्याआधी ‘असावं बहुतेक’ असं लिहू नका. त्या ‘बहुतेक’वर कोणीतरी तीन किलोमीटर चालत येतं. राखून ठेवण्याची मुदत तीन दिवसांची ठेवा आणि ती निरोपातच लिहा.

ग्रुप करावा का, हे सगळेच विचारतात. करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ असं केलं तरी नंबर दिसतच राहतात. आमच्याकडे निम्म्याहून जास्त वाचक बायका आणि कॉलेजच्या मुली आहेत. त्यांनी पुस्तक न्यायला नंबर दिलाय, गावभर वाटायला नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ नंबर बसतात, निरोप प्रत्येकाला स्वतंत्र येतो आणि उत्तरही फक्त तुम्हालाच येतं. एक अट लक्षात ठेवा: ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून सभासदत्वाचा अर्ज भरतानाच, टेबलापाशी उभं असताना, नंबर सेव्ह करून घ्या आणि त्यांच्या फोनवरून एक ‘नमस्कार’ पाठवायला सांगा. ज्येष्ठांना तुम्हीच सेव्ह करून द्या.

आता सूची. यावर सगळ्यांत जास्त मेहनत घ्या, कारण बाकीचं सगळं हिच्यावर उभं आहे. गुगल शीट्समध्ये एक फाइल उघडा. दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात येताना नोंदवहीत मिळालेला), पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकार, कपाट, आणि ‘आत/बाहेर’ एवढे रकाने आधी करा. नव्या पुस्तकांच्या पाठीवर ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असतो, पण गोव्यात छापलेल्या जुन्या मराठी पुस्तकांवर तो बहुधा सापडत नाही. त्यामुळे आपला दाखल क्रमांक हीच खरी ओळख. टायपिंगची धास्ती घेऊ नका. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाबा आणि नाव मोठ्याने वाचा. बहुतेक शब्द बरोबर उतरतात, आडनावं तेवढी तपासावी लागतात.

शोध लागावा म्हणून दोन पथ्यं पाळा. लेखकाची आद्याक्षरं सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा: टिंब, मग मोकळी जागा, मग पुढचं अक्षर. एका ठिकाणी जागा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की एकाच लेखकाची निम्मी पुस्तकं शोधात येतच नाहीत. दुसरं, एक जादा रकाना ठेवून त्यात नाव रोमन अक्षरांत लिहा. आमचे तरुण वाचक मराठी असो वा कोंकणी, फोनवर रोमनमध्येच लिहितात. त्यांनी पाठवलेलं नाव तसंच उचलून शोधता आलं पाहिजे.

आणि नाटकं! गोव्यातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयाला हे सांगायला नको. कार्तिक लागला की जत्रा आणि काल्याचे उत्सव सुरू होतात, त्याआधी चवथीचे (गणपतीचे) दिवस असतात, आणि प्रत्येक वाड्यावरच्या मंडळींना देवळापुढे मराठी नाटक उभं करायचं असतं. कला अकादमीच्या स्पर्धेत उतरणारे तर वर्षभर संहिता शोधत असतात. यातला कोणीच नाटकाचं नाव विचारत नाही. दिग्दर्शक विचारतो तो असा: ‘बाय, सहा दादले, एक बायल, एकच सेट, अशें नाटक आसा?’ (सहा पुरुष, एक बाई, एकच सेट, असं नाटक आहे का?) पूर्वी या प्रश्नाला उत्तर म्हणजे अख्खं कपाट खाली काढणं. म्हणून नाटकांसाठी शीटचं वेगळं पान करा आणि त्यात पुरुष पात्रं, स्त्री पात्रं, अंक, स्थळं किती बदलतात, आणि पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक की विनोदी, हे रकाने घाला. पात्रयादी पुस्तकाच्या पहिल्या पानांवरच असते. एका नाटकाला दोन मिनिटं लागतात. मग फिल्टर लावला की ‘स्त्री पात्र १’ असलेली सगळी नाटकं एका क्षणात समोर. याद्या पाठवल्या की मंडळी घरी बसून विचार करतात आणि थेट दोन-तीन संहिता न्यायला येतात. आमच्या वाचनालयातलं सगळ्यांत जास्त वापरलेलं पान हेच आहे, आणि मला त्याचा फार आनंद वाटतो. माझ्या मते या पानामुळे मुली असलेली नाटकंही जास्त उचलली जाऊ लागली, कारण ती आहेत हे आता दिसतं.

एक काळजी घ्या. संहितेचे फोटो काढून पाठवू नका. प्रयोगाला लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागू शकते हेही यादीखाली लिहा.

सूची वाचकांना देताना ‘फक्त पाहण्याची परवानगी’ निवडा. पुस्तक कोणाकडे गेलंय हे त्या फाइलमध्ये अजिबात लिहू नका. तिथे फक्त ‘बाहेर’ आणि परत येण्याची तारीख. सभासदांची नावं, फोन आणि देवघेव वेगळ्या फाइलमध्ये, जी तुमच्याशिवाय कोणाला उघडत नाही. त्याच फाइलमधलं पान लपवून भागत नाही; कोणीही प्रत काढून ते उघडू शकतो. कोण काय वाचतं हे गावात फिरू लागलं की लोक मोकळेपणाने पुस्तक मागत नाहीत. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेणारी बाई, दारू सोडण्यावरचं पुस्तक नेणारा माणूस, यांचा विश्वास आपल्या हाती असतो.

मुदतीची आठवण आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पाठवा, कारण लोक बाजाराला निघतात तेव्हा पुस्तक पिशवीत टाकणं सोपं पडतं. भाषा मऊ ठेवा. दंडाचा आकडा पहिल्या निरोपात नकोच.

सगळ्यांकडे स्मार्टफोन नाहीत. बटणाच्या फोनवर एसएमएस जातो, पण देवनागरीत एका एसएमएसला ७० चिन्हंच मिळतात, रोमनला १६०. काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा ही सगळी वेगळी मोजली जातात. त्याहून लांब झाला की दोन मेसेजचे पैसे. हा मजकूर ७०च्या आत बसतो: ‘नमस्कार. आपल्याकडचं पुस्तक शनिवारी परत हवं. मुदत हवी तर कळवा. वाचनालय’. ज्यांना लिहिता येत नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी मिस्ड कॉल ठरवून ठेवा: एक मिस्ड कॉल म्हणजे ‘मला फोन करा’. संध्याकाळी शेवटची पंधरा मिनिटं या फोनांची. अशा बोलण्यात माणूस पुस्तकाचं नाव सांगत नाही. ‘मागच्यासारखंच, पण रडवणारं नको’ असं सांगतो, आणि ते समजून पुस्तक काढणं हे ग्रंथपालाचं काम कोणतंही अ‍ॅप करणार नाही.

नव्या पुस्तकांची जाहिरात फुलाफुलांच्या चित्रावर अक्षरं लिहून पाठवण्याची पद्धत आहे. चित्र पाठवा, पण खाली तोच मजकूर अक्षरांतही लिहा. दृष्टिहीन वाचकाचा फोन टॉकबॅकने अक्षरं वाचून दाखवतो. चित्रातलं लिखाण त्याच्यापर्यंत नीट पोचेलच याचा भरवसा नसतो. अशा वाचकांना सुगम्य पुस्तकालय दाखवा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीचं हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. नोंदणी वाचकाच्या शेजारी बसून करून द्या.

विद्यार्थ्यांना भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी विश्वकोश या दोन्ही फोनवरच्या फुकट सोयी शिकवा. प्रकल्पासाठी ‘आजच पाहिजे’ म्हणून धावत येणाऱ्या मुलांची फेरी विश्वकोशातल्या एका नोंदीने वाचते. जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मिळतात. पण नव्या कादंबरीची पीडीएफ कोणी पाठवली तर ती पुढे ढकलू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मराठी प्रकाशक आधीच थोड्या प्रतींवर जगतात. मागणी जास्त असेल तर ती मागणी मोजून ठेवा आणि पुढच्या खरेदीत ते पुस्तक घ्या.

आपल्या कपाटात नसलेलं काही कोणी विचारलं, विशेषतः पोर्तुगीज काळातलं, तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवा. ते १८३२ सालापासूनचं आहे. पण सत्तरीतून पणजी म्हणजे पूर्ण दिवस. वाचकाला बसमध्ये बसवण्याआधी तुम्ही स्वतः तिथे फोन करा. हवं ते आहे का, घरी नेता येतं की तिथेच बसून पाहावं लागतं, सोबत कुठलं ओळखपत्र लागेल, हे विचारा आणि त्याला लिहून द्या.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज जाते, टॉवरही जातो. शीट्समध्ये सूचीची फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी उघडते आणि केलेले बदल रेंज आल्यावर वर जातात. पॉवर बँक टेबलाच्या खणात असू द्या. देवघेवीची वही बंद करू नका. पुस्तक जाताना वहीत सही, मग फोनवर नोंद, हाच क्रम बारा महिने ठेवा. काजूच्या हंगामात माणसं दिवसभर बागायतीत असतात आणि सगळे निरोप रात्री एकदम येऊन पडतात. त्या दिवसांत आम्ही राखून ठेवण्याची मुदत तीनऐवजी सहा दिवस करतो.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूचीची एक प्रिंट काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवा. फोन न वापरणारे ती चाळतात, आणि फोन हरवला तरी वाचनालय उघडं राहतं. प्रिंटवर तारीख घाला, आणि नवी आली की जुनी तिथून काढून टाका.