क्रूझ कंट्रोल बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

क्रूझ कंट्रोल, म्हणजे रेसवर पाय न ठेवताही ठरवलेला वेग धरून ठेवणारी यंत्रणा, बसवला त्याच संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. ८० वर बटण दाबलं, पाय उचलला, काटा जागचा हलेना. स्वारी खूश. पुढे गतिरोधकाची पाटी दिसली म्हणून गिअर उतरवायला क्लच दाबला आणि इंजिन असं किंचाळलं की शेजारी बसलेल्या मेकॅनिकने आधी माझ्या पायाकडे पाहिलं. माझा पाय रेसवर नव्हताच. क्लच दाबल्यामुळे इंजिनवरचा भार सुटला होता, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मात्र होता तेवढाच उघडा होता, आणि वेग पडतोय असं दिसल्यावर क्रूझने तो आणखी उघडला. क्लच दाबलाय हे त्याला सांगणारी वायर आम्ही जोडलीच नव्हती. "ही लागत नाही" म्हणून टेप गुंडाळून ती डॅशबोर्डच्या आत ढकलली होती, आणि मीही बाजूला उभा राहून मान डोलावली होती.

त्यानंतर कुणी क्रूझबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचा क्रूझ सुटतो कसा? वेग धरून ठेवणं तसं सोपं काम आहे. खरी कारागिरी आणि खऱ्या चुका दोन्ही तो सोडण्यात असतात.

किट घेण्याआधी

सगळ्या गाड्यांना एकच किट चालतं हा समज आधी काढून टाका. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत लोखंडी केबल जात असेल, तर ती ओढायला व्हॅक्यूमवर किंवा मोटरवर चालणारा ॲक्च्युएटर लागतो. केबल नसेल आणि पेडलला फक्त वायरचा कपलर असेल, तर पेडल आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्यामध्ये बसणारा मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबी, पुरतो. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: काही मॉडेलमध्ये महागड्या आणि स्वस्त व्हेरियंटचा ईसीयू सारखाच असतो आणि क्रूझचा प्रोग्राम त्यात आधीच असतो. तिथे स्टिअरिंगवरची बटणं, जास्त वायर असलेला क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली वायरची गुंडाळी) आणि स्कॅनरने, म्हणजे ईसीयूशी जोडायच्या यंत्राने, ते फीचर चालू करणं एवढंच काम उरतं. ईसीयूचा पार्ट नंबर न तपासता बाहेरचं किट घेऊन मोकळं होणं म्हणजे घरात असलेली वस्तू पुन्हा विकत आणणं.

बटणांचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत 'सेट', 'रिझ्यूम', 'कॅन्सल' ही बटणं एकाच वायरवर वेगवेगळा रेझिस्टन्स पाठवतात आणि ईसीयू त्या आकड्यावरून बटण ओळखतो. दुसऱ्या वर्षाच्या मॉडेलची बटणं खाचेत चपखल बसतात, पण आकडे जुळत नाहीत. मग 'कॅन्सल' दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा भलतंच काही होतं.

ब्रेकचा स्विच

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. कंपनीच्या क्रूझ असलेल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक पेडलजवळच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. ब्रेक दाबल्यावर एक जुळतो, दुसरा तुटतो. दुसऱ्याचा उपयोग असा की वायर कुठे तुटलीच, तर ईसीयूला ब्रेक दाबल्यासारखं वाटतं आणि क्रूझ सुटतो. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला होतो. बाहेरच्या किटला बहुधा एकच वायर दिली जाते, ती ब्रेक लाइटची. म्हणून ती कुठे जोडली याला फार महत्त्व आहे. पेडल मोकळं असताना शून्य व्होल्ट आणि किंचित दाबताच १२ व्होल्ट दाखवेल तीच बाजू बरोबर. दुसऱ्या बाजूला सतत १२ व्होल्ट असतात. तिथे जोडलं तर मॉड्यूलला ब्रेक कायम दाबलेला दिसतो आणि क्रूझ कधीच लागत नाही. ही चूक निदान लगेच कळते तरी.

काही किट आणखी एक तपासणी करतात. ब्रेक मोकळा असताना मागच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग (बॉडीशी जोडणी) मिळतं का ते पाहतात. मिळालं तर वायर शाबूत आहे असं मानून क्रूझ लागू देतात. तुम्ही हौसेने मागचे सगळे बल्ब एलईडी केले की हे अर्थिंग मिळेनासं होतं. काल चालणारा क्रूझ आज बंद, आणि तुम्ही मॉड्यूल बदलायला निघता. अशा वेळी किटच्या पुस्तिकेत सांगितलेला रिले लावा, किंवा एक साधा बल्ब परत बसवून पाहा. ती वायर सरळ बॉडीला टेकवून क्रूझ "चालू करून देणारे" वायरमनही असतात. त्यांच्या हातून गाडी परत घ्या. त्या जोडणीत ब्रेक दाबला तरी क्रूझला पत्ता लागत नाही.

करंट थेट बॅटरीवरून घेऊ नका. इग्निशन बंद केल्यावर मरणाऱ्या वायरवरून घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. फोर्डने अमेरिकेत क्रूझ सोडवणाऱ्या ब्रेकच्या एका स्विचपायी १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने सव्वा कोटीहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्या स्विचमध्ये गाडी बंद असतानाही करंट असायचा. आत ब्रेक ऑइल झिरपलं की तो तापायचा, आणि उभ्या गाड्या पेटल्या. दुरुस्ती म्हणून दिलेल्या वायरिंगमध्ये फ्यूज होता.

स्टिअरिंग उघडताना

बटणं बसवायची तर एअरबॅग काढावी लागते. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मग थांबा. किती मिनिटं, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. साठलेला करंट उतरायला तो वेळ लागतो. हे काम यूट्यूब बघून पहिल्यांदा करणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: करू नका.

एअरबॅगखाली क्लॉक स्प्रिंग असतो. गुंडाळलेल्या फितीसारखी पट्टी, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून. तो बरोबर मध्यावर न ठेवता बसवला, तर पहिल्याच पूर्ण वळणावर ती फीत ताणून तुटते. मग क्रूझच्या जोडीने हॉर्न जातो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. नव्या क्रूझबरोबर ही दोन लक्षणं आली तर आणखी काही शोधत बसू नका.

ॲक्सिलरेटर पेडलच्या वायर सोलून, वळवून, टेप मारून जोडणं हा दुसरा नेहमीचा उद्योग. पेडलमधून एकाच वेळी दोन सिग्नल जातात आणि ईसीयू ते सतत पडताळून पाहतो. एक जोड जरा सैल झाला की दोघांचा मेळ बसत नाही, पिवळा दिवा लागतो आणि गाडी रेसच घेत नाही. ओव्हरटेक करताना हे झालं तर काय, तेवढं मनात आणा आणि मूळ कपलरमध्ये बसणारंच किट घ्या.

पहिली चाचणी

रिकाम्या सरळ रस्त्यावर क्रूझ लावा आणि तो सोडवायचे सगळे मार्ग एकेक करून तपासा. ब्रेकला नुसता पाय टेकवून. क्लच दाबून. 'कॅन्सल'ने. मुख्य बटण बंद करून. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला टाकून. प्रत्येक वेळी तो पहिल्या झटक्यात सुटला पाहिजे. ब्रेक जोरात दाबल्यावर सुटतो पण हलक्या पायाने सुटत नाही, असं असेल तर स्विचची जागा चुकलेली आहे. मी हे केलं असतं तर ती किंचाळी गतिरोधकापाशी नाही, रिकाम्या रस्त्यावरच ऐकू आली असती.

वापरताना

पावसात क्रूझ लावू नका हे सगळे सांगतात, कारण मात्र कमी जण सांगतात. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला तर पाय हळूच रेसवरून काढायचा असतो. क्रूझवर तुमचा पाय आधीच काढलेला असतो, त्यामुळे सोडायला काही उरत नाही. मग पाय जातो ब्रेकवर, आणि त्या क्षणी नेमकं तेच नको असतं. नव्या गाड्यांत चाक घसरल्याचं कळताच क्रूझ आपोआप सुटतो, पण तोपर्यंत गाडी तरंगलेली असते.

घाटात उतरताना साधा क्रूझ फक्त रेस बंद करू शकतो, ब्रेक मारू शकत नाही. ७० वर लावलेली भरलेली गाडी उतारावर ८५ला गेली तरी त्याच्या मते सगळं ठीक चाललेलं असतं. चढावर उलट: मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये असेल तर तो धडधडणाऱ्या इंजिनला रेस देत राहतो, गिअर बदलायचं त्याला कळत नाही.

'रिझ्यूम' हे बटण मला सगळ्यात धोकादायक वाटतं. तासाभरापूर्वी १०० वर लावलेलं तुम्ही विसरता, तो विसरत नाही. आता ४०च्या रस्त्यावर चुकून बोट पडलं की गाडी १००कडे धावते. महामार्ग सोडला की मुख्य बटणच बंद करा. 'कॅन्सल'ने आठवण तशीच राहते, मुख्य बटणाने बहुतेक गाड्यांत पुसली जाते.

आणि पाय. मोकळा झाला म्हणून मांडी घालू नका, सीटखाली दुमडू नका. १०० किमीच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. पाय शोधून ब्रेकवर आणायला गेलेला एक सेकंद तेवढा महाग आहे.

समोरच्या गाडीनुसार वेग कमी-जास्त करणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर चुका वेगळ्या. त्याचा रडार चालत्या वाहनांवर चांगला चालतो, पण मोठ्या वेगात असताना पुढे आधीपासून थांबलेल्या वाहनासाठी तो ब्रेक लावेलच याचा भरवसा धरू नका. वळणावर तो शेजारच्या लेनमधल्या ट्रकलाही पुढची गाडी समजू शकतो. बंपरवर गार्ड लावलं, रडारच्या झाकणावर रंग मारला किंवा पुढची काच बदलून तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम जुळवणी) केलं नाही, तर त्याची नजर बिघडते. काच बदलणारा हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

लागतच नाही किंवा मध्येच सुटतो

आधी वेग पाहा. बहुतेक क्रूझ ३० ते ४० किमीच्या खाली लागतच नाहीत. मग बटण पाहा. काही गाड्यांत स्पीड लिमिटर (ठरवलेल्या वेगापुढे जाऊ न देणारा) आणि क्रूझ यांची बटणं शेजारी-शेजारी असतात. लिमिटर लावून पाय उचलला की गाडी मंदावणारच, तो बिघाड नव्हे. त्यानंतर ब्रेक लाइट: कायम पेटलेला किंवा मुळीच न पेटणारा असेल तर स्विच. इंजिनचा पिवळा दिवा किंवा एबीएसचा दिवा लागलेला असेल तर अनेक गाड्या मुद्दाम क्रूझ बंद ठेवतात, तेव्हा आधी तो दोष काढा. स्कॅनरवर पी०५७१ हा दोषाचा कोड आला तर ब्रेक स्विच, पी०७०४ आला तर क्लच स्विच, पी०५०० आला तर स्पीड सेन्सर. या तिघांच्या पलीकडे जायची वेळ क्वचित येते.

वेग वर-खाली हिसके घेत असेल तर केबलच्या किटमध्ये केबल ढिली असते किंवा व्हॅक्यूमची नळी गळत असते. मॉड्यूलच्या किटमध्ये सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवलेली असते. असल्याच हिसक्यांना वैतागून राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने क्रूझ कंट्रोल शोधला असं सांगतात. लहानपणीच दृष्टी गेलेले टीटर शेजारच्या सीटवर असत आणि गाडी चालवणारे त्यांचे वकील बोलता बोलता रेस कमी-जास्त करत. पेटंट १९५० साली मिळालं, आणि १९५८ साली क्रायस्लरच्या गाड्यांत ते यंत्र आलं.

राहिला मध्येच सुटणारा क्रूझ. एका मित्राची गाडी खड्ड्यावर, कधी खड्डा नसतानाही क्रूझ सोडायची. गॅरेजवाल्याने ब्रेक स्विच बदलला, वायरिंग तपासलं, मॉड्यूल बदलायचा अंदाजही दिला. शेवटी मी शेजारी बसून गेलो. त्याचा डावा पाय सवयीने क्लचवर टेकलेला होता. तो खाली ठेवायला सांगितला, त्यानंतर घरी पोचेपर्यंत क्रूझ एकदाही सुटला नाही.