आई-बाबांचं ग्रीन कार्ड आलं. आता अमेरिकेत विमा कुठून काढायचा?

माझ्या कंपनीच्या विम्यात नवरा-मुलं बसली, आई-बाबा नाही. बाबा ६८ चे, वर मधुमेह. एका एजंटाने प्रवासी विमा गळ्यात मारला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, जुने आजार वगळून! म्हणजे बाबांचं सगळंच वगळून.

मग हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट गाठली. काही राज्यांची साइट वेगळी असते. ग्रीन कार्डवाल्यांना मार्केटप्लेसमधून, म्हणजे या सरकारी विमा-बाजारातून, विमा लगेच घेता येतो, जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. पण परदेशातून राहायला आल्यावर ६० दिवसांत अर्ज करा. ते चुकले तर १ नोव्हेंबरला नोंदणी उघडेपर्यंत थांबा.

हप्त्यावरच्या सरकारी सवलतीचं गणित आधी करा, ती उत्पन्नावर ठरते. आई-बाबांना तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलंत, तर तुमचा पगार मोजला जातो. त्यांनी स्वतःचं रिटर्न भरलं, तर भारतातल्या मुदतठेवींचं व्याजही मोजतात. २०२६ पासून उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल तर त्यांना सवलतच नाही. उलटंच आहे, पण आहे.

मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याला, बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, वय ६५ आणि सलग पाच वर्षं वास्तव्य हवं. भाग बी चा हप्ता सगळेच भरतात; इथे नोकरी केलेली नसेल तर भाग ए चाही स्वतः भरायचा. २०२५ मध्ये भाग ए (रुग्णालयाचा खर्च) ५१८ डॉलर, भाग बी (डॉक्टरांचा खर्च) १८५ डॉलर होता, महिन्याला, माणशी.

प्लॅन निवडताना हप्त्याआधी डिडक्टिबल बघा, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. आणि बाबांचं इन्शुलिन औषधांच्या यादीत आहे का, तेही.