लहान बेटावर मधुमेह, रक्तदाब मोजताना या चुका टाळा

पाचशे-हजार वस्तीच्या बेटावर किती जणांना मधुमेह आहे, हे काढणं वरवर सोपं वाटतं. माणसं मोजकी, दवाखाना एकच, सगळे सगळ्यांना ओळखतात. पण माणसं मोजकी असल्यामुळेच तिथली आकडेवारी चटकन फसते. मोठ्या शहरात चार जण दोनदा मोजले गेले तर काही बिघडत नाही. बेटावर त्या चौघांमुळे टक्का हलतो, आणि त्या टक्क्यावर औषधांचा साठा ठरतो, तज्ज्ञ डॉक्टरांच्या फेऱ्या ठरतात. आकडा चुकला की कुणाच्या तरी गोळ्या महिनाअखेर संपतात.

भागाकारात खाली कोणता आकडा आहे?

बहुतेक जण रुग्णांची यादी डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि लोकसंख्येचा आकडा जुन्या जनगणनेतून उचलतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. बेटावरून माणसं सतत जात-येत असतात. कुणी शिकायला गेलेलं असतं, कुणी जहाजावर नोकरीला, कुणी वर्षातले सहा महिने लेकीकडे. कागदावर मात्र सगळे हजर.

एक काल्पनिक बेट घेऊ. कागदावर २५ वर्षांवरचे ७०० जण, प्रत्यक्ष राहणारे ५४०. मधुमेहाचे रुग्ण १०८. कागदाप्रमाणे प्रमाण १५.४ टक्के, प्रत्यक्षात २० टक्के. रुग्ण तेच, तपासणी तीच, फरक फक्त खालच्या आकड्याचा. म्हणून मोजणीआधी घरोघर फिरून यादी करा आणि ‘रहिवासी’ कुणाला म्हणायचं याचा नियम लिहून ठेवा, उदाहरणार्थ गेल्या बारा महिन्यांतले निदान सहा महिने बेटावर राहिलेला. तोच नियम रुग्णांनाही लावा. हंगामी कामगार रुग्णांत धरले आणि लोकसंख्येत सोडले, तर प्रमाण फुगणारच.

उलटी चूक जास्त घातक आहे. बेटावर डायलिसिसची सोय नसेल तर मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला बेट सोडावं लागतं. मग नोंदवहीत डायलिसिसचे रुग्ण शून्य दिसतात आणि मूत्रपिंडाचा त्रास इथे नाहीच, असा निष्कर्ष निघतो. पक्षाघाताचा रुग्ण मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात दगावला, तर मृत्यूची नोंद तिकडच्या दप्तरात जाते. उपचारासाठी बेट सोडलेल्यांची वेगळी यादी ठेवा आणि वर्षातून एकदा ती मुख्य भूमीवरच्या नोंदींशी ताडून बघा.

गेलेल्यांचा माग ठेवला तर काय कळू शकतं याचं टोकेलाऊ हे उत्तम उदाहरण. १९६६ च्या चक्रीवादळानंतर प्रशांत महासागरातल्या या बेटांवरची अनेक कुटुंबं न्यूझीलंडला जाऊन वसली. डॉ. इयन प्रायर यांच्या चमूने बेटावर राहिलेले आणि स्थलांतर केलेले, अशा दोन्ही गटांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. रक्तदाब, वजन, मधुमेह हे सगळं स्थलांतरितांमध्ये जास्त आढळलं. फक्त बेटावर उरलेल्यांना मोजलं असतं तर ही तुलना कधीच हाती आली नसती.

दोनवरून पाच झाले म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

गेल्या वर्षी पक्षाघाताचे २ नवे रुग्ण, यंदा ५. लगेच ‘अडीचपट वाढ’ असा मथळा तयार होतो. गणित सांगतं की वर्षाला सरासरी साडेतीन रुग्ण होत असतील, तर काहीही न बदलता साधारण तिनातल्या एका वर्षी २ किंवा कमी रुग्ण निघतील आणि चारातल्या एखाद्या वर्षी ५ किंवा जास्त. म्हणजे हा चढउतार निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. एकेका वर्षाचा दर जाहीर करण्याऐवजी तीन किंवा पाच वर्षांची बेरीज द्या आणि आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहा. पाच वर्षांत १८ रुग्ण असतील, तर ‘१८, म्हणजे अंदाजे ११ ते २८ च्या पट्ट्यात’ असं लिहिलेलं वाचणाऱ्यालाही समजतं.

‘एकही रुग्ण नाही’ या वाक्याचंही तसंच. निवडलेल्या ३०० जणांत एखादा आजार कुणालाच सापडला नाही, तर तो नाहीच असं म्हणता येत नाही. ३ ला तपासलेल्यांच्या संख्येने भागा, इथे १ टक्का. खरं प्रमाण तिथपर्यंत असू शकतं.

बेटाचा एक फायदाही आहे, तो वापरायला लोक विसरतात. ५४० पैकी ३०० जण चिठ्ठ्या टाकून निवडून तपासले आणि २० टक्के मधुमेही निघाले, तर नेहमीच्या सूत्राने चूक अधिक-उणे साडेचार टक्के येते. पण निम्म्याहून जास्त लोकसंख्या तपासून झालेली आहे, हे हिशोबात धरलं तर ती तीन टक्क्यांवर येते. सूत्रात ही दुरुस्ती करायची असते, आणि लहान वस्तीत तिने खरंच फरक पडतो.

रक्त बोटीत बसतं तेव्हा

या चुकीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण ती कागदावर कुठेच दिसत नाही. रक्त काढल्यावर नळीतल्या पेशी साखर खात राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर साखर ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम साखर असलेल्या माणसाचं रक्त तीन तास बोटीत राहिलं, तर प्रयोगशाळेत ते ११० च्या आसपास भरेल. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे. त्या माणसाला ‘तुम्हाला काही नाही’ असं सांगून घरी पाठवलं जातं आणि बेटाचं प्रमाणही कमी निघतं. साखर टिकावी म्हणून फ्लोराइडची नळी वापरली तरी पहिल्या एक-दोन तासांतली घसरण थांबत नाही. रक्त अर्ध्या तासात फिरवून पेशी वेगळ्या करण्याचं यंत्र बेटावर हवं. ते नसेल तर तपासणी बेटावरच करा, किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी वापरा, कारण त्याचा नमुना थंडीत काही दिवस टिकतो.

पण एचबीएवनसीचीही एक खोच आहे. ही तपासणी तांबड्या पेशींच्या सरासरी आयुष्यावर बेतलेली असते. थॅलेसेमिया, जी६पीडी या विकराची कमतरता अशा स्थितींत आकडा खोटा कमी येऊ शकतो, तर लोहाच्या कमतरतेत खोटा जास्त. मोजक्या घराण्यांतून वाढलेल्या बेटावर रक्ताचा असा एखादा दोष निम्म्या वस्तीत असू शकतो. तिथे चूक एका माणसापुरती राहत नाही, सगळ्या बेटाचा आकडा एकाच बाजूला झुकतो. सुरुवातीला काही जणांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी दोन्ही तपासून ती जुळतात का ते बघा.

रक्तदाबात नेहमीचा दोषी म्हणजे दंडाचा पट्टा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की दाब जास्त दाखवला जातो. दोन-तीन मापांचे पट्टे ठेवा, माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, तीनदा मोजा आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. तीनदा मोजून शेवटच्या दोनांची सरासरी घ्यायची ही रीत जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ सर्वेक्षणातही आहे. आणि गोळ्या घेऊन ज्याचा दाब १२० वर आलाय तो रक्तदाबाचाच रुग्ण. त्याला निरोगी धरलं, तर उपचार जितके चांगले तितका आजार कागदावरून गायब होत जातो.

व्याख्या बदलली की नवी वही

१९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. ज्यांनी जुने आणि नवे आकडे एकाच रेषेत मांडले, त्यांच्या आलेखात त्या साली मधुमेह उसळला. लोक तेच होते. म्हणून ‘मधुमेह: होय/नाही’ एवढंच न लिहिता साखरेचा प्रत्यक्ष आकडा, एकक आणि उपाशीपोटी होते की नाही, हेही टिपा. व्याख्या पुढे बदलली तर जुने आकडे नव्या रेषेने पुन्हा मोजता येतील. एककही न विसरता लिहा. एका यंत्रावरचे ७ मिलिमोल म्हणजे दुसऱ्यावरचे १२६ मिलिग्रॅम.

शिबिराला आलेले म्हणजे बेट नव्हे

शिबिराला ज्यांना आधीच शंका असते ते येतात. पहाटे मासेमारीला गेलेले येत नाहीत, अंथरुणाला खिळलेलेही येत नाहीत. आपल्या बेटावरच्या ५४० पैकी ३०० जण आले आणि ७५ मधुमेही निघाले, म्हणजे २५ टक्के. हा आकडा तसाच छापू नका. न आलेल्या २४० पैकी ४० जण चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांच्या घरी, त्यांच्या वेळेला जा. समजा त्यांत ५ निघाले. मग न आलेल्यांत अंदाजे ३०, एकूण १०५, म्हणजे १९.४ टक्के. ४० घरं फिरण्याचे चार दिवस वाया गेले असं कुणालाही वाटू नये.

वय विसरलात तर बेट आजारी दिसेल

दहा वर्षांपूर्वी प्रमाण १५.५ टक्के होतं, आता २० आहे, असं समजा. आता वयोगट उघडून बघा. २५ ते ४४ मध्ये तेव्हाही ६ टक्के, आताही ६. ४५ ते ६४ मध्ये दोन्ही वेळा २२. पासष्टीपुढे दोन्ही वेळा ३७. फक्त तरुण ३२० होते ते २०० झाले आणि वृद्ध ८० होते ते १४० झाले. कुठल्याही वयात आजार वाढलेला नाही, बेट म्हातारं झालंय. अशा वेळी लागतं ते वृद्धांच्या देखभालीचं नियोजन. म्हणून दोन्ही आकडे द्या, औषधांच्या मागणीसाठी साधा आणि तुलनेसाठी वयानुसार समायोजित, म्हणजे दोन्ही वेळा वयोगटांची रचना सारखीच धरून काढलेला.

एकूण रुग्ण आणि नवे रुग्ण यांतली गल्लतही अशीच. चांगला डॉक्टर आला, औषधं नियमित मिळू लागली, माणसं जास्त जगली, की एकूण रुग्ण वाढतात. प्रशांत महासागरातल्या नौरूवर १९७५ मध्ये सुमारे एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह आढळला आणि त्या बेटाचं नाव जगभर झालं. पुढे १९८२ आणि १९८७ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं, म्हणूनच नव्या रुग्णांचा वेग वेगळा काढता आला आणि तो मंदावल्याचं दिसलं. एका सर्वेक्षणातून हे कळत नाही.

आकडा अचानक उडाला तर

घाबरून निवेदन काढण्याआधी या क्रमाने बघा: यंदा शिबिर झालं का, यंत्र किंवा साखर तपासायच्या पट्ट्यांची खेप बदलली का, व्याख्या बदलली का, नवी नर्स वेगळ्या पद्धतीने नोंद करते का, एकच माणूस दोनदा आलाय का. शेवटच्या शंकेला बेटावर फार जागा असते, कारण आडनावं मोजकी आणि आजोबांचं नाव नातवाला. नावासोबत जन्मतारीख आणि आईचं नाव लिहिलं की बहुतेक दुबार नोंदी सापडतात. हे सगळं तपासूनही वाढ उरली, तर ती गांभीर्याने घ्या.

छापण्याआधी लोकांना सांगा

५४० माणसांत ‘पासष्टीपुढच्या स्त्रिया, दमा: १’ असं छापलं की ती कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पाचपेक्षा लहान आकडे लपवा, आणि बेरजेतून वजाबाकी करून ते काढता येणार नाहीत हेही बघा. नाहीतर वयोगट एकत्र करा.

बेटाच्या नावालाही आजार चिकटतो. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाल्यावर दक्षिण अटलांटिक महासागरातल्या त्रिस्तान द कुन्या बेटाचे सगळे रहिवासी इंग्लंडला हलवले गेले. तिथल्या तपासणीत दम्याचं मोठं प्रमाण दिसलं, आणि तेव्हापासून वैद्यकीय लिखाणात त्या लोकांचा उल्लेख दम्याशिवाय क्वचितच होतो. आपलं बेट उद्या कशासाठी ओळखलं जाणार, हे आधी तिथल्या लोकांच्या कानावर जायला हवं. सभा घ्या, आकडे समजावून सांगा, त्यांचे प्रश्न अहवालात घाला.

आणि तपासणीत कुणाची साखर ३०० किंवा दाब १८० च्या वर निघाला, तर अहवालाची वाट बघू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी निरोप द्या आणि तो डॉक्टरांपर्यंत पोचला की नाही, हे त्याच वहीत लिहा.