यादीत काय निवडलं, ते उन्हातही दिसावं म्हणून

खरिपाच्या तोंडावर आमच्या शेतकरी गटाने अवजारं भाड्याने देण्यासाठी एक साधं वेबपान केलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. यादीत सात नावं: ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र), डवरणी यंत्र, फवारणी पंप, मळणीयंत्र. पाहिजे ती निवडायची, तारीख टाकायची, पाठवायचं. पान मीच लिहिलं होतं. यादी दाखवणाऱ्या 'सिलेक्ट' टॅगला 'मल्टिपल' (एकाहून जास्त नावं निवडू द्या) लावलं आणि मोकळा झालो.

पेरणीच्या आदल्या दिवशी एका काकाजींच्या वावरात नुसतं पेरणीयंत्र पोचलं. "म्या त रोटाव्हेटर बी दाबला होता ना भाऊ, मंग तो कुठी गेला?"

त्यांनी दाबला होता, यात शंका नाही. पण कॉम्प्युटरवर अशा यादीत दुसरं नाव निवडताना कंट्रोल कळ दाबून ठेवावी लागते. नुसतं क्लिक केलं की आधीची निवड पुसली जाते, आणि तसं झाल्याचं कोणी सांगत नाही. त्यातून यादीबाहेर क्लिक केलं की क्रोममध्ये निवडलेल्या ओळीचा निळा रंग करडा होतो; मग निवडलेलं आणि न निवडलेलं ओळखणं आणखी कठीण. मोबाइलवर गोष्ट वेगळी. तिथे यादी फोनच्या स्वतःच्या खिडकीत उघडते आणि ती मिटली की पानावर निवडलेल्यांचा नुसता आकडा उरतो. कोणती तीन, ते पुन्हा उघडून बघा.

म्हणून निवडलेल्या ओळीला रंग देण्याआधी यादीच बदला. (खाली टॅगची आणि गुणधर्मांची नावं उच्चारतो तशी लिहिली आहेत. फाईलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं टाइप करायची.)

पायरी १ : सांगाडा

सगळ्यात बाहेर 'फील्डसेट', त्यात 'लेजंड' म्हणून "कोणती अवजारं पाहिजेत?" त्याखाली प्रत्येक अवजाराचं एक 'लेबल'. लेबलच्या आत आधी चेकबॉक्सचा 'इनपुट' आणि त्याला लागूनच 'स्पॅन'मध्ये अवजाराचं नाव. हा क्रम मोडू नका, पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. सगळ्या इनपुटचं 'नेम' एकच ठेवा, 'व्हॅल्यू' मात्र वेगवेगळी. इनपुट लेबलच्या आत असल्यामुळे नावावर कुठेही बोट टेकवलं तरी खूण होते. छोट्या चौकोनावर नेम धरावा लागत नाही.

पायरी २ : ओळ मोठी करा

आता सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम. लेबलला 'डिस्प्ले फ्लेक्स', किमान उंची ४८ पिक्सेल आणि भोवती २ पिक्सेलची पारदर्शक 'बॉर्डर' द्या. पारदर्शक कशाला? निवडल्यावर तिथे रंग भरायचा आहे. बॉर्डर ऐनवेळी नव्याने आली तर ओळ जाड होते आणि खालची यादी हलते, मग बोट भलत्याच नावावर पडतं. याच कारणाने निवडलेलं नाव ठळक करायच्याही भानगडीत पडू नका. ठळक अक्षर जास्त जागा खातं. "ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र" छोट्या फोनवर एका ओळीचं दोन ओळींत जातं.

'लाइन-हाइट' १.५च्या आसपास असू द्या. इंग्रजीसाठी बेतलेल्या तयार डिझाइनमध्ये ती कमी असते आणि आपल्या मात्रा, वेलांट्या, ट्रॅक्टरवरचा चंद्र वरच्या वर कापला जातो.

चेकबॉक्सचा रंग बदलायला 'ॲक्सेंट-कलर' ही एक ओळ पुरते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती २०२१पासून आहे, सफारीत २०२२पासून.

पायरी ३ : निवडलेल्या ओळीचं रूप

इथे घाई करू नका. पहिला नियम 'इनपुट:चेक्ड + स्पॅन' या सिलेक्टरचा (सिलेक्टर म्हणजे नियम कोणाला लागू, ते सांगणारा भाग). मधल्या अधिक चिन्हाचा अर्थ: खूण केलेल्या इनपुटला लागून आलेला स्पॅन. हा नियम जुन्यापुराण्या फोनवरही चालतो. पण त्याने फक्त नाव रंगतं. पूर्ण ओळ रंगवायची तर दुसरा नियम लिहा, 'लेबल:हॅज(इनपुट:चेक्ड)'. 'हॅज' सफारी आणि क्रोममध्ये २०२२ साली आलं, फायरफॉक्समध्ये २०२३च्या डिसेंबरात.

हे दोन्ही सिलेक्टर स्वल्पविराम देऊन एकाच नियमात कोंबण्याचा मोह होतो. मी तेच केलं आणि एका जुन्या फोनवर काहीच रंगेना. ब्राउझरला त्यातला एक सिलेक्टर कळला नाही, तर तो अख्खा नियमच सोडून देतो. दोन नियम वेगळे लिहा.

आता रंग. मी आधी कपाशीच्या फुलासारखा फिका पिवळा निवडला: आरजीबी २५५, २४३, १९६. घरात छान दिसला. मे महिन्याच्या दुपारी धुऱ्यावर उभं राहून पाहिलं, तर सगळ्या ओळी सारख्याच पांढऱ्या! हिशेब केला तेव्हा कारण कळलं. पांढऱ्या रंगाशी या पिवळ्याचा उठाव (कॉन्ट्रास्ट) जेमतेम १.१ ला १ आहे. वेबच्या सुलभतेची डब्ल्यूसीएजी नियमावली अशा खुणांसाठी किमान ३ ला १ मागते, आणि साध्या मजकुरासाठी ४.५ ला १. मग पिवळा ठेवला, पण बॉर्डरचा पारदर्शक रंग जाऊन तिथे गडद हिरवा आला: आरजीबी २७, ९४, ३२. पिवळ्यावर त्याचा उठाव ७ ला १ येतो, पांढऱ्यावर जवळजवळ ८. पिवळा आता नुसता शोभेला आहे. काम बॉर्डर करते.

तरी एवढ्यावर थांबू नका. हिरवा-लाल रंग न ओळखणारा माणूस प्रत्येक गावात असतो, त्यामुळे रंगासोबत शब्द पाहिजे. स्पॅनला 'आफ्टर' जोडून त्याच्या 'कंटेंट'मध्ये शब्द घाला. तो आधीपासून तिथे असू द्या, फक्त 'व्हिजिबिलिटी हिडन' ठेवा आणि खूण झाली की 'व्हिजिबल' करा. जागा राखलेली असल्यामुळे ओळ हलत नाही. शब्द कोणता, यावर मात्र आमच्यात अर्धा तास वाद झाला. "घेतला" म्हटलं तर ट्रॅक्टरला चालतं, मळणीयंत्राला नाही. "निवडलं" म्हटलं तर पंप रुसतो. शेवटी "✓ पाहिजे" ठरलं. त्याला लिंगही नाही आणि वऱ्हाडात कोणाला समजावूनही सांगावं लागत नाही.

पायरी ४ : खालची पट्टी

यादी फोनच्या पडद्यापेक्षा लांब असली की वर निवडलेलं नजरेआड जातं. म्हणून पानाच्या तळाशी 'पोझिशन स्टिकी', 'बॉटम शून्य' अशी पट्टी ठेवा: "निवडलेली ३ : ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र". यासाठी थोडी जावास्क्रिप्ट लागते. फॉर्मवर 'चेंज' ही घटना एकदाच ऐका. ती झाली की 'इनपुट:चेक्ड' असलेले सगळे शोधा आणि त्यांच्या शेजारच्या नावांनी पट्टी नव्याने भरा. हे काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, कारण ते आणखी दोन ठिकाणी लागेल.

एक, पान उघडताना. मागे जाऊन परत आलं की ब्राउझर जुन्या खुणा बहुतेक वेळा जपून ठेवतो. पट्टी मात्र रिकामी राहते. 'पेजशो' घटनेवर तेच फंक्शन बोलवा. दोन, पट्टीतल्या नावाशेजारी फुलीचं बटण दिलं तर. स्क्रिप्टने चेकबॉक्सची खूण काढली की 'चेंज' आपोआप होत नाही. फंक्शन स्वतःच बोलवावं लागतं, नाहीतर यादी एक सांगते आणि पट्टी दुसरंच.

पट्टीला 'एरिया-लाइव्ह' (स्पेलिंग aria, area नव्हे) हा गुणधर्म 'पोलाइट' या व्हॅल्यूसह द्या. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला झालेला बदल ऐकू येतो.

'सिलेक्ट' कधी ठेवावा

एकच पर्याय निवडायचा असेल आणि नावं पुष्कळ असतील, तेव्हा खुशाल. आमच्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. तालुका निवडायला मी साधा 'सिलेक्ट'च ठेवला आहे. फोनची खिडकी लोकांच्या सवयीची असते, तिला सजवायला जाऊ नये. क्रोमच्या १३५व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५पासून, 'अपिअरन्स : बेस-सिलेक्ट' लिहून ही यादी हवी तशी रंगवता येते. पण बाकी फोनवर साधंच रूप दिसेल, असं धरून चाला.

तपासणी

पान तयार झालं की फोनच्या सेटिंगमधून पडदा काळा-पांढरा करा, प्रकाश निम्म्यावर आणा आणि दुपारी बाहेर जा. फोन दुसऱ्याच्या हातात द्या. त्याला तीन अवजारं निवडायला सांगा, त्यातलं एक काढायला सांगा, मग फोन परत घेऊन विचारा: काय काय मागवलं? आमच्या काकाजींनी पट्टीकडे पाहून दोन्ही नावं बरोबर सांगितली. वरून विचारलं, "अन् डिझेल कोनाकडे हाय, थे कुठी लिवलं?"

ती ओळ त्याच संध्याकाळी टाकली.