बाळाला व्हिटॅमिन डी जास्त झालंय का, हे कसं ओळखायचं

आधीच सांगते, हे वाचून कोणी ड्रॉप्स बंद करू नका. तान्ह्या बाळाला रोज ४०० आययू (लेबलवर IU लिहितात ते, व्हिटॅमिन मोजायचं माप) व्हिटॅमिन डी लागतंच. गडबड होते ती मापात.

१) घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र काढा आणि लेबल वाचा
कुठल्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत ४०० आययू असतात, कुठल्यात ८००. जुनी बाटली संपली, मेडिकलवाल्याने दुसरी दिली आणि आपण सवयीने तेवढंच १ मिली भरलं की डोस डबल. कॅल्शियम सिरप, मल्टिव्हिटॅमिन, मोठ्या मुलांच्या गमीज यातही डी असतं, तेही धरा. आमच्याकडे सकाळी मी द्यायचे आणि दुपारी सासूबाई, आठवडाभर दोघींनाही पत्ता नाही! नशिबाने रोजचे ८००च होत होते, आता कॅलेंडरवर टिक करतो.

खरी भीती ६०,००० वाल्या पाऊचची. मोठी माणसं आठवड्यातून एकदा दुधात घालून घेतात ते. रोज ४०० धरले तर एका पाऊचमध्ये बाळाचा १५० दिवसांचा डोस आहे, म्हणजे डॉक्टरांनी "आठवड्यातून एकदा" सांगितलं आणि घरी रोज दिलं गेलं तर काय होईल विचार करा.

२) रोजची बेरीज करा
डॉक्टरांनी मुद्दाम जास्त डोस दिला नसेल तर रोजची वरची मर्यादा ६ महिन्यांपर्यंत १००० आययू, वर्षापर्यंत १५००, १ ते ३ वर्षं २५००, ४ ते ८ वर्षं ३०००. एखाद्या दिवशी ड्रॉप्स दोनदा गेले तर घाबरू नका, त्रास होतो तो आठवडे-महिने जास्त जात राहिलं की किंवा एकदम खूप मोठा डोस गेला की. कोवळ्या उन्हाने ओव्हरडोस होत नाही, त्वचा जास्तीचं डी साठू देत नाही.

३) बाळाकडे नीट बघा
डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि सगळा त्रास त्याचाच. भूक मरते, उलट्या, कडक शी, चिडचिड नाहीतर उलट गळून पडल्यासारखं, वजन वाढत नाही. आपण म्हणतो दात येतायत, नजर लागली. पण एक खूण लक्षात ठेवा, एरवी बाळ कमी पितंय आणि उलट्या होतायत तर सू कमी होते, इथे मात्र ओठ सुकलेले असूनही सू भरपूर होते आणि तहानही खूप लागते, कारण किडनी जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना पाणीपण घालवते.

४) शंका आली तर
डी आणि कॅल्शियमचं सगळं थांबवा, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि बाटल्या, ड्रॉपर, रिकामी पाऊच घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. बद्धकोष्ठ आहे म्हणून एरंडेल, बाळगुटी असलं काही देऊ नका. बाळ सुस्त पडलंय, उलट्या थांबत नाहीत, झटका आला तर थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (म्हणजे रक्तात डी किती आहे ते), क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते) बघतात, लघवी आणि किडनीची सोनोग्राफीपण सांगू शकतात. डी १ मिली रक्तात १०० नॅनोग्रॅमच्या (ng/ml) वर म्हणजे जास्त, १५० च्या वर आणि सोबत कॅल्शियमही वाढलेलं असेल तर विषबाधाच. डी चरबीत साठतं, त्यामुळे औषध बंद केल्यावरही ते उतरायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून बाळ हसायला-खेळायला लागलं तरी पुढची कॅल्शियमची टेस्ट चुकवू नका.